प्रॉक्सी आपोआप लागली तेव्हा

मला एका जागी बसता येत नाही, ही तक्रार शाळेतल्या बाईंपासून आजपर्यंत सगळ्यांनी केली आहे. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत मात्र ती कुणी केली नाही, कारण तिथे मला बसायला मिळतच नव्हतं.

कंपनी सॉफ्टवेअरची होती. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, खाली साड्यांचं दुकान आणि वरचे मजले आमचे. ते दिवसच असे होते की पुण्यात जरा बरी इमारत उभी राहिली की तिच्यात कॉम्प्युटर शिरायचे. माझ्यासारखी यवतमाळकडची मुलं-मुली ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरायची आणि थेट कुठल्या तरी ऑफिसात जाऊन बसायची. मी नेटवर्क सांभाळायची. सांभाळायची म्हणजे दिवसभर पळायची.

ऑफिसातल्या कुणालाही इंटरनेटवर जायचं असेल तर एकाच दारातून जावं लागे. ते दार म्हणजे फायरवॉल. मागच्या कुलूपबंद थंड खोलीतली एक पेटी. कोण बाहेर गेलं, काय घेऊन आत आलं, यावर ती नजर ठेवायची. पण या पेटीकडे जायचं हे प्रत्येक कॉम्प्युटरला सांगावं लागे. ब्राउझरच्या पोटात कुठेतरी खोल एक चौकट असे, तिच्यात पेटीचा आकडी पत्ता भरायचा. त्याला आम्ही प्रॉक्सी घालणं म्हणायचो. एक ठिपका चुकला तरी पान उघडत नसे.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण आमच्याकडे पेट्या दोन होत्या, कारण इंटरनेटच्या लाइनी दोन होत्या. पुण्यात रस्ते खणणं हा बारमाही धंदा आहे, कुठल्या दिवशी कुणाची कुदळ आमच्या लाइनीवर पडेल याचा नेम नव्हता, म्हणून कंपनीने दोन वेगवेगळ्या बाजूंनी लाइनी घेतल्या होत्या. यंत्रांना किल्ल्यांची नावं द्यायची पद्धत होती. पहिली पेटी सिंहगड, दुसरी तोरणा. सिंहगडाची लाइन तुटली की प्रत्येक टेबलाशी जायचं, ब्राउझर उघडायचा, सिंहगडाचा पत्ता पुसायचा, तोरण्याचा भरायचा. लाइन जुळली की पुन्हा उलटी फेरी. तोरण्याची लाइन बारीक होती, सगळे तिच्यावर बसून राहिले तर तीही गुदमरायची.

आता कुणी म्हणेल, इंजिनिअर लोक ते, स्वतः बदलता येत नव्हता का पत्ता? येत होता की! अमेरिकेतल्या बँकांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना चार आकडे बदलता येणार नाहीत? पण ज्याचं काम त्यानेच करावं, याबाबत पुण्यात फार कडक शिस्त आहे. मी प्रत्येक मॉनिटरच्या कडेला दोन्ही पत्ते लिहिलेली पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. तिचा उपयोग एवढाच झाला की मला फोन करताना लोक तिच्यातले आकडे वाचून दाखवायचे आणि मग म्हणायचे, "हे बदलायला या."

माझ्या टेबलावरचा फोन त्यामुळे सदा वाजत असे. उचलला की समोरून नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "नेट गेलं." मी धावत वरच्या मजल्यावर. तिथून हाक खालच्या मजल्यावर. टेबलाखाली शिरून वायर बघायची, बाहेर येताना डोकं आपटायचं, तेवढ्यात शेजारचा म्हणायचा, "मॅडम, आलाच आहात तर माझंही बघा." संध्याकाळी स्कूटीवरून धायरीला परतताना सिग्नलला उभी असले तरी माझे पाय आतून चालूच असत. चिडचिड व्हायची. खरं सांगायचं तर मला त्या फोनची घंटा ऐकूनच मळमळायला लागलं होतं.

रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन करायची. बाबा तब्येत, जेवण सगळं ओलांडून आधी एकच विचारायचे.

"ऑफिसातला फोन वाजते का बराबर?"

"वाजतो बाबा. जीव खातो माझा."

"वाजू दे. वाजणारा फोन चांगला."

हे ते उगाच म्हणत नव्हते. बाबा टेलिफोन खात्यात होते. आमच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात वायरींच्या पिना. गावातल्या कुणीही रिसीव्हर उचलला की तो बाबांच्या कानात उगवायचा. नंबर सांगायची गरजच नसे. डॉक्टरांच्या घरी लावून द्या म्हटलं की बाबा म्हणायचे, "डॉक्टर पांढरकवड्याले गेले आहेत, तिकडे लावतो." कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांचे ट्रंक कॉल, दहावीच्या निकालाच्या दिवशी अर्ध्या तालुक्याचे, कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या घरी रडारड, सगळं आधी त्यांच्याकडे यायचं. बाजारातून चालताना त्यांना प्रत्येक माणूस थांबवायचा. आईला भाजी घ्यायला उशीर व्हायचा, ती चिडायची.

मग ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. बाहेरून पेटाऱ्यांतून आलं, नवी खोली बांधली, तिला गावातला पहिला एसी बसला. बाबांची नोकरी गेली नाही, सरकारी होती. त्यांना त्या खोलीबाहेर टेबल-खुर्ची दिली आणि बस म्हणाले. काम काही नव्हतं. गावाला आता बोलायला बाबा लागत नव्हते. मी शाळेतून येताना डोकावायची, तर ते खुर्चीत ताठ बसलेले, हात टेबलावर, जणू कुणी आत्ता हाक मारेल. निवृत्त होईपर्यंत ते तसेच बसले. घरी आल्यावर फोनचा रिसीव्हर उचलून टोन ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. दिवसातून किती वेळा तरी. आई म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे, जरा टेका. मला आता वाटतं, माझ्या पायांत ती तिथूनच आली.

तर याच दिवसांत मला अमरावतीचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलीने पुण्यात नोकरी करण्याचा हट्ट मात्र सोडावा. आईचं ठरलेलंच होतं. माझंही ठरलं होतं, नेमकं उलट. मला पुणं सोडायचं नव्हतं. का, ते धड सांगता येत नव्हतं. स्कूटी, धायरीची भाड्याची खोली, स्वतःच्या नावाने लागलेली नोकरी, एवढंच होतं. पण ते माझं होतं. शेवटचा शब्द बाबांचा होता आणि बाबा फोनवर म्हणाले, "येऊन पाहतो. तू तिथं काय करून राह्यली ते पाहतो. मग ठरवू."

ते काय बघणार होते? पोरीला इंजिनिअर केलं, आणि पोरगी टेबलाखालून रांगत बाहेर येते, पोरं "मॅडम, इकडे" म्हणून चुटक्या वाजवतात. एक दिवस हे बघितलं असतं तर बाबांनी संध्याकाळी माझी बॅगच भरली असती. काहीही करून ते यायच्या आत ही धावाधाव बंद करायची, असं मी ठरवलं.

उपाय मला ऐकून माहीत होता. पत्ता माणसांनी भरायचाच नाही. ब्राउझरमध्ये एक खूण करून ठेवायची, की तो सुरू होताना नेटवर्कलाच विचारतो, बाहेर जायचा रस्ता कुठला? मग फायरवॉलने त्याला एक छोटी फाइल द्यायची. तिच्यात लिहिलेलं असतं: आतल्या आत जायचं असेल तर सरळ जा. बाहेर जायचं असेल तर सिंहगडाकडे जा. सिंहगड दार उघडत नसेल तर तोरण्याकडे जा. बस्स. मोजक्या ओळींचं काम.

त्या मोजक्या ओळींनी मला रडवलं. फाइल लिहिली, पेटीवर ठेवली, तर माझ्या कॉम्प्युटरवर झकास चालली आणि शेजारच्यावर नाही. पुन्हा बघितलं तर खालच्या मजल्यावर काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. ना चूक दाखवायची, ना कुरकुर. मी ओळन् ओळ तपासली. वायरींवर संशय घेतला, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून नव्या क्लिपा आणल्या, त्या बदलल्या. काही फरक नाही. जेवताना डब्यासमोर बसून मी हवेत ठिपके मोजायची. शेवटी कळलं ते इतकं साधं होतं की मी स्वतःवरच ओरडले. पेटी ती फाइल पाठवताना तिच्यावर साधा मजकूर असा शिक्का मारत होती. काही ब्राउझर चालवून घेत, काही शिक्का बघून फाइल बाजूला टाकत आणि गप्प बसत. शिक्का बदलला, सगळीकडे चालली.

आणखी एक गोष्ट उरली होती. बाहेरची लाइन तुटली तरी सिंहगडाची पेटी मात्र जिवंत असायची. ब्राउझरला वाटे दार उघडं आहे, म्हणून तो तिथेच खोळंबायचा. मग मी पेटीलाच शिकवलं, सारखी बाहेर हाक मारून बघ, बाहेरून उत्तर आलं नाही तर आपलं दार लावून घे. दार लागलं की लोक आपसूक तोरण्याकडे वळतील. हे जमलं त्या दिवशी मी जिन्यात एकटीच हसले.

मग मी शेवटची फेरी काढली. प्रत्येक टेबलाशी जाऊन ती खूण केली, जुना पत्ता पुसला, पिवळी चिठ्ठी सोलून काढली. सगळ्यांनी करू दिलं. एक सोडून. आमच्याकडे एक ज्येष्ठ इंजिनिअर होते, सदाशिव पेठेतले, कपाळावर कायमची आठी. त्यांनी हात आडवा धरला.

"माझं चालू आहे ना?"

"चालू आहे, पण—"

"मग हात लावू नका. आपोआप ठरलेलं मला चालत नाही. मी लग्नसुद्धा स्वतः ठरवलेलं आहे."

"कसं झालं मग?" मी तोंड वर करून विचारलं.

"ते तुमच्या नेटवर्कपेक्षा बरं चाललंय," ते म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले. त्यांच्या मॉनिटरवरची चिठ्ठी तेवढी राहिली.

बाबा सकाळी स्वारगेटला उतरले. पँटची कडक इस्त्री प्रवासात मोडलेली. हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेली सांडगी मिरची. माझ्या स्कूटीच्या मागे बसायला त्यांनी साफ नकार दिला, मग रिक्षावाल्याने मीटरने यायला नकार दिला, मग ते बसले. पूर्ण रस्ता पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये घट्ट धरून. धायरीत घरमालकीण अंगणात होत्या. त्यांचं मूळ तिथलंच, सगळी भावकी शेतकरी. चहा देता देता त्या बाबांना म्हणाल्या, "पोरगी लई पळापळ करती बगा तुमची. सकाळच्याला जाती ती दिस बुडाल्यावर येती."

"शेती आहे का आपली?" बाबांनी विचारलं.

"व्हती. पहिलं हितं कांदा व्हायचा, आता बिल्डिंगी व्हत्यात."

बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, पळापळ करणाऱ्या पोरीकडे. मी मनात म्हटलं, थांबा बाबा, उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिसात नेलं. मॅनेजर चांगल्या स्वभावाचे, म्हणाले बसू द्या की दिवसभर. रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईंच्या समोर छोटा बोर्ड होता, बाहेरचा फोन आला की त्या बटण दाबून आत जोडून द्यायच्या. बाबा तिथेच थबकले. "ऑपरेटर का तुम्ही?" असं इतक्या अदबीने विचारलं की त्या बाई उठूनच उभ्या राहिल्या. मग मी त्यांना माझ्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. ते बसले, हात गुडघ्यावर, नजर माझ्या फोनवर.

फोन वाजला नाही.

मी आधी खूश झाले. बघा म्हटलं, कसं सगळं सुरळीत. काही बारीकसारीक कामं उकरून काढली. एक अहवाल तिसऱ्यांदा वाचला. आजूबाजूला सगळे खाली मान घालून कामात, इंटरनेट झुळझुळ वाहत होतं, आणि माझ्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. काल-परवापर्यंत ज्यांच्या टेबलाखाली मी डोकं आपटलं ती पोरं माझ्यासमोरून चहाला गेली आणि आली. बाबांच्या खुर्चीचा आवाज होत होता, ते सारखी चुळबुळ करत होते. मला माझे पाय कुठे ठेवावेत कळेना. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा त्यांनी विचारलं.

"काऊन वं, तुले कोणी बोलावूनच नाई राह्यलं?"

मग मी अभिमानाने सगळं सांगितलं. आधी कसं हाताने भरावं लागे, आता ब्राउझर स्वतःच कसा विचारतो, फाइल कशी उत्तर देते. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

"म्हणजे ऑटोमॅटिक," ते म्हणाले. दुखण्याचं नाव घ्यावं तसा तो शब्द त्यांनी उच्चारला.

"हो."

"तू केलं?"

"मीच."

"पोरी, काय केलं तू हे?" त्यांचा आवाज उतरला. "आपल्या हातानं केलं? आता तुले कोण बोलावते? हे लोक तुले काढणार नाईत. बसवतील. मी पाह्यलं आहे ते. चल घरी. अमरावतीची माणसं चांगली आहेत. बसायचंच आहे तर आपल्या माणसांत बस."

मला राग आला. अमरावतीचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या मुक्या फोनचा. ते पळणारी मुलगी बघून मला नेतील म्हणून मी हे सगळं केलं, आणि ते बसलेली मुलगी बघून मला न्यायला निघाले! फायरवॉलवरच्या त्या फाइलची एक ओळ खोडली असती तर पाच मिनिटांत सगळा मजला माझ्या नावाने ओरडला असता. हात शिवशिवत होते. पण जी चीज रडून-रडून चालवली होती ती मोडायला माझा हात धजेना. मी डबा बंद केला आणि आम्ही दोघं परत येऊन बसलो. त्या दुपारएवढी लांब दुपार मी पुण्यात दुसरी काढली नाही.

चहाच्या आधी कधीतरी कोपऱ्यातून आवाज आला. "अहो मॅडम! सिंहगड पडला वाटतं तुमचा!"

सदाशिव पेठ होती. मी ताडकन उठले. आजूबाजूचे आपापल्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "नाही हो, आमचं चालू आहे." बाबाही उठले होते. मी मागच्या खोलीकडे धावले, ते माझ्या मागे आले आणि दाराशी त्यांनी सवयीने चपला काढल्या. गावच्या एक्स्चेंजच्या खोलीतही चपला काढूनच जायचं असे. आत एसीची घरघर, पंख्यांची घूं घूं. ते उंबऱ्यावरच थांबले.

"असाच आवाज होता," ते म्हणाले.

सिंहगडाच्या पेटीवर लाल दिवा होता. बाहेर कुठेतरी कुदळ पडली होती. पेटीने सांगितल्याप्रमाणे दार लावून घेतलं होतं आणि सगळी माणसं तोरण्याकडे वळली होती, त्यांना कळलंही नव्हतं.

"लाइन तुटली?" बाबांनी विचारलं.

"तुटली."

"अन् कोणाले पत्ता नाई?"

"त्या एका साहेबांना. त्यांनी पत्ता हाताने घातलेला आहे, म्हणून ते अडकले."

बाबा आत आले. "आमच्याकडे लाइन तुटली का आधी सारं गाव माह्या दारात. मग लाइनमन." मग त्यांनी पेटीकडे बोट केलं. "हे दार लागलं तर त्या दारी जाय, हे हिले कोणी सांगितलं? बाहेरून शिकून आली का ही?"

"नाही. मी सांगितलं."

"लाइन तुटायच्या आधीच?"

"आधीच. म्हणून तर..."

"आमची पेटी शिकूनच आली होती," ते म्हणाले. "डॉक्टर कुठी गेले ते पाहून लाव, असं तिले कोणी सांगितलं नाई. मलेही कोणी विचारलं नाई का तू काय करत होता. नुसतं बस म्हणाले."

नोकरीबद्दल इतकं बोललेले बाबा मी पहिल्यांदा ऐकले. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही. मी लाइनवाल्यांकडे तक्रार नोंदवली आणि मग कोपऱ्यात गेले. ज्येष्ठ साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मी त्यांच्या ब्राउझरमध्येही ती खूण केली, पत्ता पुसला. पान उघडलं. चिठ्ठी मात्र त्यांनी स्वतः सोलून काढली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. लग्न मात्र मी स्वतःच सांभाळणार," ते म्हणाले.

संध्याकाळी बाबा स्कूटीच्या मागे मुकाट बसले. राजाराम पुलाच्या सिग्नलला गाड्यांची ही गर्दी. मागून त्यांचा आवाज आला. चेहरा मला दिसत नव्हता, बहुतेक म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली.

"अमरावतीले मी कळवतो. राहा तू इथं."

मी मान मागे वळवली तर ते म्हणाले, "समोर पाहा, समोर." सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पण एक आहे. आता तुहा फोन वाजणार नाई."

"नको वाजू दे बाबा. सुटले मी."

"तसं नसते," ते म्हणाले.

ते गेले. ऑफिसात माझी पुढची कामं सुरू झाली, मोठी आणि शांत. कुणाला न दिसणारी. बाबा म्हणाले होते ते खरं निघालं. मळमळायला लावणारी ती घंटा बंद झाली, आणि दुपारी जेवणानंतर मजला सुस्तावला की माझं लक्ष आपोआप त्या काळ्या फोनकडे जाई. मी रिसीव्हर उचलून टोन ऐकायची आणि ठेवून द्यायची. पहिल्यांदा तसं केल्यावर माझी मीच दचकले.

आणि मग एका दुपारी तो वाजला. मी झडप घालून उचलला. "नेट गेलं का?"

"नाई," पलीकडून बाबा म्हणाले. "लाइन पाहून राह्यलो होतो. चालू आहे ना?"

"चालू आहे."

"ठीक." त्यांनी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरच्या फोनवर एसटीडी नव्हतं, म्हणून गावच्या बूथवरून, रोज जेवणानंतर. रिसेप्शनच्या बाईंशी दोन शब्द बोलायचे, त्यांना ऑपरेटर म्हणूनच हाक मारायचे, मग त्या जोडून द्यायच्या. मी त्या कंपनीत होते तोवर हे चाललं. बोलणं तेवढंच, लाइन चालू आहे ना, चालू आहे, ठीक. आजूबाजूचे मान वर करून बघायचे, मॅडमना कुणाचा तरी रोज फोन येतो.

मी तो लगेच उचलत नसे. वाजू द्यायची. तिकडे बाबांच्या कानातही ती घंटा वाजत असणार.